नवव्या दिवसाचा निगेटिव्ह रिपोर्ट काय सांगतो?

पत्र: मी 28 वर्षांचा. हिंजवडीत नोकरी, वाकडला मित्रांबरोबर फ्लॅटवर राहतो. जुलैच्या सुरुवातीला ओळखीच्या एका मुलीशी संबंध आला. कंडोम होता, पण मध्येच फाटला (खोबरेल तेल लावलं होतं). नवव्या दिवशी घाबरून एका लॅबमध्ये एचआयव्हीची रॅपिड टेस्ट केली, निगेटिव्ह आली. तिसाव्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये फोर्थ जनरेशन टेस्ट केली. ती नॉन-रिॲक्टिव्ह आहे, पण समोर 0.18 असा आकडा आहे. शून्य का नाही? मग घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबचं 'एसटीडी पॅकेज' घेतलं, त्यात हर्पिस 1 व 2 आयजीएम पॉझिटिव्ह, 1.32. शिश्नाच्या टोकाच्या कडेला बारीक पांढरट पुटकुळ्यांची रांग आहे, पूर्वी होती का ते आठवत नाही. दुखत नाही. मधल्या काळात माझा साखरपुडा झाला, लग्न डिसेंबरात आहे. होणारी बायको 25 वर्षांची आहे. मित्र म्हणतो, भोसरीच्या 'नारी' या एड्स संशोधन संस्थेत जा आणि सगळ्याची पीसीआर कर. गणपतीत आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर आहे, तिथे रक्त दिलं तर आपोआप तपासून मिळेल का? आणि तिला काय सांगू?
— एक वाचक, वाकड

उत्तर: रक्तदानाचं आधी, कारण गणपती तोंडावर आले आहेत. या वर्षी रक्त देऊ नका. रक्तपेढी प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच गोष्टींसाठी तपासते हे खरं. पण नुकत्याच झालेल्या संसर्गात काही दिवस असे जातात, की विषाणू रक्तात असतो आणि चाचणीला सापडत नाही. तुमचे ते दिवस अजून पुरते सरलेले नाहीत. तुमच्या हातात चुकीचा निगेटिव्ह रिपोर्ट पडला तर फार तर पुन्हा एकदा सुई टोचून घ्यावी लागेल. ज्याला ती पिशवी चढेल, त्याचं काय? मंडळातल्या पोरांना कारण द्यायला तुम्ही बांधील नाही, 'या खेपेला जमत नाही' एवढं पुरतं. आणि मांडवात ओळखीच्या कार्यकर्त्यासमोर दात्याची प्रश्नावली भरण्यापेक्षा सरकारी केंद्रात जाऊन तपासून घेणं जास्त खासगीत होतं. तेही फुकट. पत्ते पुढे देतो.

आता एचआयव्ही. नवव्या दिवसाची रॅपिड टेस्ट म्हणजे पैसे पाण्यात. बोटाला टोचून कार्डावर जी टेस्ट करतात ती बहुतेक वेळा अँटिबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रथिनं, शोधते, आणि अँटिबॉडी तयार व्हायला शरीराला साधारण तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. नवव्या दिवशी तिला काही दिसणारच नव्हतं. तुम्हाला जुना संसर्ग नाही एवढंच तो कागद सांगतो, जुलैबद्दल तो अवाक्षर काढत नाही. फोर्थ जनरेशनचं तसं नाही. ती अँटिबॉडीबरोबर विषाणूचं पी-24 नावाचं प्रथिनही पकडते, आणि ते आधी दिसतं. दंडातून रक्त काढून लॅबच्या मशीनवर केली तर ती 18 ते 45 दिवसांत संसर्ग पकडते. म्हणजे तुमच्या तिसाव्या दिवसाच्या रिपोर्टला बराच अर्थ आहे. संसर्ग झालेल्या बहुतेकांचा रिपोर्ट तोवर रिॲक्टिव्ह आलेला असतो. 'बहुतेक' हा शब्द काढून टाकायचा असेल तर 45 दिवस पूर्ण झाल्यावर तीच चाचणी पुन्हा करा. जुलैच्या सुरुवातीपासून मोजलं तर तुमचा पंचेचाळिसावा दिवस ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात येतो. उपाशीपोटी जायची गरज नाही, चहा-नाश्ता करून जा.

0.18 या आकड्यानं तुम्हाला नाहक पोखरलं आहे. मशीन तुमच्या रक्ताच्या नमुन्यातून येणारा प्रकाश मोजतं आणि ठरवून दिलेल्या सीमेच्या आकड्यानं त्याला भागतं. भागाकार 1 च्या खाली आला की नॉन-रिॲक्टिव्ह. अजिबात संसर्ग नसलेल्या माणसाच्या रक्तातूनही थोडा प्रकाश येतोच, म्हणून शून्य सहसा येत नाही. 0.08, 0.18 आणि 0.6 या तिघांचा अर्थ एकच. पुढच्या वेळी दुसऱ्या मशीनवर 0.31 आलं तर 'वाढलं' म्हणून रात्र जागू नका, दोन मशीनचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. उलट बाजूही ध्यानात ठेवा. कुणाला 1.4 आलं, तर तेवढ्यावरून एचआयव्ही झाला असं होत नाही. सरकारी केंद्रात पहिली टेस्ट रिॲक्टिव्ह आली तर वेगळ्या बनावटीच्या आणखी दोन टेस्ट करतात, आणि तिन्ही रिॲक्टिव्ह आल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. खासगी लॅबच्या एका कागदावर कुणीही स्वतःचा निकाल लावून मोकळं होऊ नये.

धोक्याचं गणितही सांगतो, कारण ते पत्रात कुठेच नाही. समोरची व्यक्ती एचआयव्हीबाधित असेल आणि औषधं घेत नसेल, तरी योनीसंबंधात पुरुषाला लागण होण्याचं प्रमाण कंडोमशिवायच्या एका संबंधामागे दहा हजारांत सुमारे 4 धरतात. त्यात ती मुलगी बाधित आहे हे गृहीत धरलेलं आहे, आणि भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे 0.2 टक्के आहे. चाचणी टाळायला हे कारण पुरत नाही, पण ऑफिसात बसून तापाची प्रत्येक कणकण मोजायचं थांबवायला नक्की पुरतं.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या बाबतीत कंडोम कालच फाटला असेल, तर त्यानं चाचणीची वाट बघत बसू नये. संसर्ग रोखणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि 28 दिवस एकही गोळी न चुकवता घ्यायची असतात. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी तिन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात, दिवसाला एक. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री-अपरात्री गेलं तरी चालतं. तुमची ती वेळ गेली आहे, तेव्हा तो विचार सोडा.

आणि खोबरेल तेल! कंडोम बहुधा लॅटेक्सचा असतो, आणि तेल, व्हॅसलिन, बॉडी लोशन, तूप, काहीही स्निग्ध लागलं की लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर पडून फाटतो. चांगल्या कंपनीचा असला तरी. वंगण हवं असेल तर मेडिकलमध्ये पाण्यावर आधारित जेल मिळतं, तेच घ्या. पाकिटात महिनोन्महिने ठेवलेला कंडोम उष्णतेनं आणि घासून खराब होतो, आणि दोन एकावर एक घातले तर घर्षणानं दोन्ही फाटतात.

तुमची झोप उडवणारा खरा कागद हर्पिसचा आहे. आमच्या मते ही चाचणी व्हायलाच नको होती. हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचे (एचएसव्ही) दोन प्रकार. एचएसव्ही-1 बहुधा लहानपणीच घरातल्यांच्या पाप्यांमधून लागतो. तापानंतर ओठाच्या कोपऱ्यावर जी पुळी उठते ती त्याची. जगातल्या निम्म्याहून अधिक माणसांच्या अंगात तो असतो. एचएसव्ही-2 मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो. तुमच्या रिपोर्टवर 'हर्पिस 1 व 2' असं एकत्र लिहिलं आहे, म्हणजे या दोघांपैकी कोण हे तो सांगूच शकत नाही. त्यातून आयजीएम, म्हणजे एका प्रकारची अँटिबॉडी. नवीन संसर्गात आयजीएम आधी वाढतं असं पुस्तकात असतं, पण हर्पिसमध्ये ते जुना संसर्ग पुन्हा डोकं वर काढतानाही वाढतं, कांजिण्यांचा विषाणू याच कुळातला असल्यानं त्याच्या अँटिबॉडींनाही ही चाचणी फसते, आणि कधी काहीही कारण नसताना पॉझिटिव्ह येते. म्हणून जाणकार डॉक्टर जननेंद्रियांच्या हर्पिससाठी आयजीएम मागवतच नाहीत. पॅकेजमध्ये मात्र ती असते, कारण स्वस्तात मशीनवर होते आणि यादी लांब दिसते. 1.1 च्या सीमेवर 1.32 हा आकडा तर कुंपणावर बसलेला. तो कागद बाजूला ठेवा, पुन्हा आयजीएम करू नका, आणि त्याच्या जोरावर कुणी ॲसायक्लोविर हे हर्पिसचं औषध लिहून दिलं तर घेऊ नका.

मग हर्पिसची खात्री कशानं होते? फोडानं. संसर्गानंतर 2 ते 12 दिवसांत लालसर जागेवर बारीक पाणीदार फोडांचा पुंजका येतो. आधी तिथे झिणझिण्या किंवा आग होते. दोन-चार दिवसांत फोड फुटून उथळ, झोंबणाऱ्या जखमा होतात, लघवीचा थेंब लागला तरी जीव कासावीस होतो. जांघेत गाठी, कणकण. पहिल्या खेपेला सगळं सुकायला दोन-तीन आठवडे लागतात. असं कधी झालं तर त्यावर काहीही न लावता, शक्यतो 48 तासांच्या आत त्वचा-गुप्तरोगतज्ज्ञांकडे जा. ते ताजा फोड उघडून त्याच्या तळातून कापसाच्या काडीनं नमुना घेतात आणि पीसीआरला (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीला) पाठवतात. त्यात 1 की 2 तेही कळतं. खपली धरल्यावर गेलात तर विषाणू हाती लागत नाही आणि निगेटिव्ह रिपोर्टवर विश्वास ठेवता येत नाही. पीसीआर करायची ती इथे, फोडावर. तुमच्या मित्राचा सल्ला नेमका इथेच चुकतो. अंगावर फोड नसताना रक्ताची हर्पिस पीसीआर करून हाती काही लागत नाही.

रक्ताची एक चाचणी काही प्रमाणात उपयोगी आहे, प्रकारनिहाय आयजीजी, म्हणजे 1 की 2 ते वेगळं सांगणारी, टिकून राहणाऱ्या अँटिबॉडीची चाचणी. पण ती संसर्गानंतर 12 ते 16 आठवड्यांनी करायची असते आणि तिचाही भरवसा मर्यादित. समजा, हजार जणांत 50 जणांना खरोखर एचएसव्ही-2 आहे, चाचणी त्या सगळ्यांना पकडते, आणि संसर्ग नसलेल्यांपैकी 95 टक्क्यांना ती बरोबर निगेटिव्ह ठरवते. उरलेल्या 950 मधल्या सुमारे 48 जणांना तरीही पॉझिटिव्ह कागद मिळणार. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे विनाकारण हवालदिल. 1.1 ते 3 मधल्या आकड्यांत ही गफलत सर्वांत जास्त. म्हणूनच लक्षणं नसलेल्या माणसाची सरसकट हर्पिस तपासणी करत नाहीत. तुम्हाला चाळीस दिवसांत एकही फोड नाही, तेव्हा ही चाचणी आम्ही सुचवत नाही. आणि उद्या हर्पिस निघालाच, तर? जन्मभर अंगात राहतो हे खरं, पण मूल होण्याच्या क्षमतेला तो धक्का लावत नाही, गोळ्यांनी आटोक्यात राहतो. खरी काळजी असते ती बाईला गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदाच लागण झाली तर, कारण बाळंतपणात ती बाळाला होऊ शकते.

पुटकुळ्यांबद्दल पत्रातून निदान होत नाही, पण तुम्ही केलेलं वर्णन ओळखीचं आहे. टोकाच्या कडेनं एक-दोन रांगांत, सगळे एका मापाचे, गुळगुळीत, न दुखणारे, न वाढणारे बारीक दाणे अनेक पुरुषांना वयात आल्यापासून असतात. तो आजार नाही, संसर्ग नाही, त्याला उपचारही लागत नाहीत. काळजीत असलेला माणूस मोबाइलचा टॉर्च लावून पहिल्यांदाच स्वतःकडे इतकं निरखून बघतो आणि ते त्याला 'नवीन' वाटतात. एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या चामखिळी अशा रांगेत उभ्या राहत नाहीत. एक मोठी, दोन लहान, पृष्ठभाग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा खडबडीत, आणि काही आठवड्यांत वाढतात किंवा शेजारी नवी उगवते. मोती चिकटवल्यासारखा गोल दाणा आणि मध्ये टाचणीएवढी खळगी असेल तर तो मोलस्कम नावाचा वेगळा विषाणू, तोही संबंधातून पसरतो, पण किरकोळ. तज्ज्ञ भिंगातून दोन मिनिटांत फरक सांगतात, म्हणून एकदा दाखवून घ्या. तोवर त्यावर चुना-सोडा, व्हिनेगर, पायाच्या कुरूपाचं औषध असलं काही लावू नका. नाजूक कातडी भाजते, आणि मग त्या भाजलेल्या जखमेलाच हर्पिस समजून पुढची चाचणी सुरू होते. मेडिकलवाल्यानं दिलेलं 'खाज-गजकर्णाचं' मिश्र मलमही नको, त्यात बहुधा स्टेरॉइड असतं आणि विषाणूच्या संसर्गात ते आगीत तेल ओततं.

एचपीव्हीसाठी पुरुषाची मान्यताप्राप्त चाचणी नाही. रक्ताची नाही, लघवीची नाही, वीर्याची नाही. कुणी विकत असेल तर घेऊ नका. चामखीळ डोळ्यांनी ओळखतात, ती यायला बहुधा दोन-तीन महिने लागतात, कधी त्याहून जास्त. हा विषाणू इतका सर्वत्र आहे की लैंगिक आयुष्य असलेल्या बहुतेकांना कधी ना कधी भेटतो आणि बहुतेकांच्या अंगातून एक-दोन वर्षांत निघूनही जातो. चामखिळी प्रामुख्यानं 6 आणि 11 या प्रकारांनी होतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो तो मुख्यतः 16 आणि 18 मुळे, आणि या प्रकारांनी अंगावर काही उगवत नाही.

इथे तुमच्या होणाऱ्या बायकोसाठी करण्यासारखं काही आहे, आणि ते पुण्यातच बनतं. सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस याच चारही प्रकारांवर आहे. तिला 2022 मध्ये परवानगी मिळाली, 9 ते 26 वयाच्या मुली आणि मुलगे दोघांसाठी. तुमची होणारी बायको 25 वर्षांची आहे, म्हणजे वेळ आहे, पण फार नाही. या वयात तीन डोस: आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. आता सुरू केले तर लग्नाआधी दोन होतात. मधेच दिवस गेले तर उरलेला डोस बाळंतपणानंतर घ्यायचा. लस झालेला संसर्ग घालवत नाही, म्हणून तिशीनंतर गर्भाशयमुखाची एचपीव्ही डीएनए चाचणी करावी लागतेच. लशीचा विषय काढायला तुमच्या जुलैची गरज नाही, लग्नाआधी कुणाही मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञ हेच सांगतील.

हिपॅटायटिस बीचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. गंमत आहे, कारण यादीतला हाच विषाणू एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरतो आणि याच्यावर पक्की लस आहे. देशभरातल्या सरकारी लसीकरणात ती 2011 पर्यंत टप्प्याटप्प्यानं आली, तुम्ही त्याच्या आधीचे. आईकडून लहानपणीचं लसीचं कार्ड मागवा. कार्ड नसेल किंवा त्यात नोंद नसेल तर एचबीएसएजी (विषाणूचं प्रथिन), अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी अँटिबॉडी) आणि टोटल अँटी-एचबीसी (संसर्ग होऊन गेल्याची किंवा असल्याची खूण) या तीन चाचण्या करा. अँटी-एचबीएस 10 किंवा त्याहून जास्त असेल तर संरक्षण आहे. तिन्ही निगेटिव्ह असतील तर लस: आज, महिन्यानं, सहा महिन्यांनी. क्रम चुकवू नका, आधी रक्त, मग लस. लस घेतल्यावर काही दिवस, कधी 18 दिवसांपर्यंत, लशीतलंच प्रथिन रक्तात दिसून एचबीएसएजी पॉझिटिव्ह येऊ शकतं, आणि तुमच्यासारख्या आधीच धास्तावलेल्या माणसाला तेवढं पुरतं. संसर्गानंतर एचबीएसएजी दिसायला सरासरी चार, कधी नऊ आठवडे लागतात, म्हणून ऑक्टोबरात एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी पुन्हा करा. हिपॅटायटिस सी मुख्यतः रक्तातून पसरतो. स्त्री-पुरुष संबंधातून क्वचित. ऑक्टोबरात एक अँटी-एचसीव्ही केली की झालं. सिफिलिस विषाणू नाही, जिवाणू आहे, पण त्याची व्हीडीआरएल ही चाचणी त्याच रक्तात होते. लोक एचआयव्हीपायी पाच पाच चाचण्या करतात आणि पेनिसिलिननं बरा होणारा हा आजार राहून जातो.

जायचं कुठे? आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात. तुम्हाला सर्वांत जवळचं सांगवी फाट्याजवळचं औंध जिल्हा रुग्णालय. पिंपरीचं वायसीएम रुग्णालय आणि पुणे स्टेशनजवळचं ससून रुग्णालय इथेही केंद्रं आहेत. सकाळी ओपीडीच्या वेळेत जा. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. आधी समुपदेशक वेगळ्या खोलीत बसवून बोलतात: संबंध कधी, कसा, आधीच्या चाचण्या कोणत्या. लाजून तारीख मागेपुढे सांगू नका, तुमचा विंडो पिरियड (संसर्ग असूनही चाचणीला न सापडण्याचे दिवस) ते त्या तारखेवरूनच मोजतात. मग तुमची संमती घेतात, रक्त घेतात आणि रिपोर्ट तुमच्याच हातात देऊन पुन्हा बोलतात. त्याच आवारात 'सुरक्षा क्लिनिक' (लैंगिक आजारांचा सरकारी दवाखाना) असेल तर पुटकुळ्या तिथेच दाखवा, तपासणी आणि औषध दोन्ही मोफत. ओळखीचं कुणी भेटेल याची धास्ती असेल तर घरापासून लांबचं केंद्र निवडा, पुण्यात तेवढी सोय आहे. केंद्राची वेळ आणि जवळचा पत्ता 1097 या मोफत हेल्पलाइनवर मराठीत विचारता येतो. भोसरीची 'नारी' 1992 सालची, एचआयव्हीवर संशोधन करणारी संस्था आहे. तुमच्यासारख्या साध्या तपासणीसाठी तिथपर्यंत जायचं कारण नाही. आणि एसटी स्टँडच्या भिंतींवर 'गुप्तरोग, एका भेटीत इलाज' असं ज्यांचं लिहिलेलं असतं, त्यांच्याकडे तर मुळीच नाही.

आयसीटीसीत बहुधा रॅपिड पद्धतीनं चाचणी होते, तेव्हा तिथे 90 दिवसांनंतर म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जा. पंचेचाळिसाव्या दिवसानंतरची फोर्थ जनरेशन खासगी लॅबमध्येच करावी लागेल. ती एकच चाचणी सुटी मागा. 'सर, पॅकेजमध्ये स्वस्त पडेल' असं काउंटरवर म्हणतील, नको म्हणा. स्वस्तातल्या आयजीएमनं काय केलं ते तुम्ही बघितलंच.

लग्नाचं. ऑक्टोबरातले रिपोर्ट निगेटिव्ह आले तर लग्नाला दोन महिने उरतात आणि जुलैचा विषय वैद्यकीय अर्थानं मिटतो. तोवर तिच्याशी शरीरसंबंध नको, आलाच तर कंडोमशिवाय नको. दोघांनी लग्नाआधी रक्त तपासून घ्यावं असं तुम्हीच सुचवा. एचआयव्ही, एचबीएसएजी, व्हीडीआरएल आणि त्याच्या जोडीला थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारासाठी एचपीएलसी ही चाचणी. पत्रिका बघताना दोन्ही घरं जेवढा वेळ घालवतात, त्याच्या तुलनेत हे अर्ध्या तासाचं काम आहे. मात्र ते तिच्या संमतीनं, आणि तिचा रिपोर्ट तिच्या हातात. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार, काही अपवाद वगळता, कुणाचीही संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी करता येत नाही आणि निकाल तिसऱ्याला सांगता येत नाही. सासरच्यांनी 'रिपोर्ट आम्हाला दाखवा' म्हणून धरलेला हट्ट त्यात बसत नाही. रिपोर्टमध्ये काही निघालं तर तिला लग्नाआधी सांगायचं, यात दुसरा पर्याय नाही. सगळं निगेटिव्ह असेल तर साखरपुड्याआधीची एक घटना सांगायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. चाचणीला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. आमचं मत विचाराल तर, निम्म्या रात्री मोबाइलवर रिपोर्ट उघडून बघणारा माणूस हे फार दिवस पोटात ठेवू शकत नाही, तेव्हा निगेटिव्ह कागद हातात असताना, शांतपणे, तुमच्याच तोंडून कळलेलं बरं.

राहिली जुलैमधली मुलगी. तुमच्या पूर्ण पत्रात ती कशी आहे याबद्दल एक ओळ नाही. कंडोम तिच्याही बाबतीत फाटला होता, आणि अशा एका संबंधातून पुरुषाकडून स्त्रीला लागण होण्याचा धोका उलट जास्तच असतो. तिला फोन करा. आरोप नको, चौकशी नको: 'मी तपासण्या करतोय, तूही करून घे' इतकंच. पाळी चुकली असेल तर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या किटवर सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी आजच करायला सांगा. बाकी तारखा तिला तुमच्याच लागू होतात, औंधचं आणि ससूनचं केंद्र तिलाही तितकंच मोफत आहे, आणि एकटीनं जायला अवघड वाटत असेल तर 1097 वर आधी नुसतं बोलताही येतं.